महाबळेश्वर का जिंकलं आणि अमेरिकेत दोनच पक्ष का

गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीच्या सहलीसाठी व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकला होता. एका घराला एक मत. एकापेक्षा जास्त उत्तरं चालतील असं जे बटण असतं ते सेक्रेटरींनी आठवणीने बंद केलेलं, कारण आधीच्या वर्षी घरं ३४ आणि टिका ५० च्या वर असा गोंधळ झाला होता आणि दोन दिवस ग्रुपवर नुसती भांडणं. तर या वेळी निकाल आला: महाबळेश्वर १४, अलिबाग ११, काशीद ९. सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी महाबळेश्वरची बस बुक केली आणि विषय संपला.

आता जरा आकडे परत बघा. ३४ पैकी २० घरांना समुद्रावर जायचं होतं, आणि बस गेली डोंगरावर. पहिल्या मजल्यावरच्या काकू अजून ऐकवतात की आम्हाला वाळूत बसायचं होतं आणि आम्ही दोन-दोन स्वेटर घालून स्ट्रॉबेरी खात बसलो. यात कोणी लबाडी केली नाही, मोजणी बरोबर होती, पण समुद्रवाल्यांची मतं दोन ठिकाणी फुटली आणि डोंगरवाल्यांची एकगठ्ठा राहिली. आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत हेच ऐकतो ना, अमक्याने मतं खाल्ली, तमक्याला पाडण्यासाठीच उभा केलाय वगैरे, ते सगळं या एका पोलमधे आलं.

पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. सहलीहून परत येताना बसमधेच काशीदवाल्यांनी ठरवून टाकलं की पुढच्या वर्षी आपण काशीदचं नावच काढायचं नाही, गुपचूप अलिबागला टिक करायची, निदान समुद्र तरी मिळेल. म्हणजे काशीद यादीतून गेलं. कोणी बंदी घातली नाही, काशीदमधे काही खोट निघाली नाही, फक्त मत फुकट जाईल ही भीती पुरली. मॉरिस दुव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९५० च्या दशकात हेच देशांच्या पातळीवर मांडलं, की एका जागेवर एकच जण निवडायचा आणि ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी असा नियम ठेवला की राजकारण हळूहळू दोन पक्षांकडे सरकतं. भारत त्याला मोठा अपवाद म्हणतात, कारण आपला नियम तोच आणि पक्ष पन्नास, पण त्यातलं गुपित असं की लढत मतदारसंघात होते, आणि प्रत्येक राज्यातले तगडे पक्ष वेगळे असल्याने दिल्लीत सगळे एकत्र मोजले की संख्या फुगते.

अमेरिकेत मात्र ५० राज्यांत तेच दोन. रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट. मला आधी वाटायचं की तिथल्या लोकांची विचार करायची पद्धतच तशी असणार, एकतर हे नाहीतर ते. तसं काही नाहीये. १९९२ मधे रॉस पेरो नावाचा अब्जाधीश अपक्ष उभा राहिला आणि त्याला देशभरात जवळजवळ १९ टक्के मतं पडली, म्हणजे पाचातल्या एकाने त्याला मत दिलं. तिथे राष्ट्राध्यक्ष ठरतो राज्याराज्यांना वाटून दिलेल्या ५३८ इलेक्टोरल मतांवर, आणि जवळपास सगळ्या राज्यांत जो पहिला आला त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी इलेक्टोरल मतं. पेरो एकाही राज्यात पहिला आला नाही. ५३८ पैकी मिळाली शून्य.

आणि २००० सालचं फ्लोरिडा तर सगळ्यांना माहितीच असेल. राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार बुश आणि डेमोक्रॅट गोर यांच्यात शेवटी फरक राहिला ५३७ मतांचा, आणि त्याच राज्यात ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडरला ९७,४८८ मतं. नेडरच्या शंभर मतदारांमागे निव्वळ एक जण जरी जास्त गोरकडे वळला असता तरी राष्ट्राध्यक्ष बदलला असता. त्यानंतर वर्षानुवर्षं डेमोक्रॅट लोक नेडरच्या नावाने बोटं मोडत होते. मला यात नेडरपेक्षा नियमाचा दोष जास्त दिसतो. निवडणुकीला उभं राहिलं म्हणून शिव्या खाव्या लागतात ही पद्धतच विचित्र आहे.

मग यावर उपाय काय. सध्या अमेरिकेत ज्याची सगळ्यात जास्त चर्चा आहे त्याला म्हणतात रँक्ड चॉईस, मराठीत पसंतीक्रम. आपल्याला हे नवीन नाहीये बरं का. ज्यांनी पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मत दिलंय त्यांना तो जांभळ्या शाईचा स्केच पेन आठवत असेल, केंद्रावर देतात तोच वापरायचा, नावापुढे १, २, ३ असे आकडेच लिहायचे, अक्षरात एक लिहिलं किंवा टिक केली की मत बाद. पहिल्या पसंतीवर कोणी पुरेशी मतं गाठली नाहीत तर सगळ्यात तळाच्या उमेदवाराला काढतात आणि त्याच्या मतपत्रिकांवर पुढची पसंती कोणाला आहे ते बघून वाटतात, असं करत करत जातात.

आमच्या पोलला हे लावलं असतं तर? काशीद तळाला, म्हणून ते बाद. त्या ९ घरांपैकी समजा ७ ची दुसरी पसंती अलिबाग आणि २ ची महाबळेश्वर. अलिबाग १८, महाबळेश्वर १६. बस समुद्रावर. आणि मुख्य म्हणजे काशीदवाल्याला काशीद लिहायला भीती नाही, कारण त्याचं मत फुकट जात नाही, नुसतं पुढे सरकतं.

अमेरिकेत हे राज्यपातळीवर आणणारं पहिलं राज्य मेन. अगदी ईशान्य कोपऱ्यातलं, थंडी आणि लॉबस्टरसाठी प्रसिद्ध. २०१० मधे तिथे पॉल लपाज नावाचे रिपब्लिकन गव्हर्नर झाले ३८ टक्क्यांच्याही आत मतं घेऊन, कारण उरलेली मतं एक अपक्ष आणि एक डेमोक्रॅट यांच्यात वाटली गेली. लोक वैतागले आणि २०१६ मधे सार्वमत घेऊन पसंतीक्रम आणला. २०१८ च्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या) एका जागेवर रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन पहिल्या फेरीत पुढे होते, पण दोन अपक्षांची मतं वाटल्यावर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन ५० टक्क्यांच्या वर गेले आणि जिंकले. पोलिक्विन कोर्टात गेले, तिथेही हरले. विनोद असा की ज्या गव्हर्नरपदावरून हे सगळं सुरू झालं त्याच्या मुख्य निवडणुकीत मात्र पसंतीक्रम लागूच होत नाही, कारण राज्याच्या घटनेत त्या पदासाठी सगळ्यात जास्त मतं मिळवणारा विजयी असं लिहिलेलं आहे, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मधे तसंच मत दिलं.

न्यूयॉर्कचं २०२५ चं उदाहरण मला जास्त आवडतं कारण तिथे एकाच शहरात, एकाच वर्षात दोन्ही नियम शेजारी शेजारी बघायला मिळाले. जूनमधे डेमोक्रॅटिक पक्षाची महापौरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, ती पसंतीक्रमाने होते, पाच नावं लिहिता येतात. झोहरान ममदानी (मीरा नायरचा मुलगा, हे आपल्याकडे सगळ्यांनी आवर्जून सांगितलंच) आणि ब्रॅड लँडर हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, पण दोघांनी जाहीर सांगितलं की आम्हाला पहिली पसंती द्या आणि दुसरी याला द्या. प्रतिस्पर्धी एकत्र प्रचार करतात हे आपण कधी बघतो का? नोव्हेंबरची मुख्य निवडणूक मात्र साध्या जुन्या पद्धतीने. प्रायमरी हरलेले अँड्र्यू क्युओमो अपक्ष उभे राहिले, रिपब्लिकनांकडून कर्टिस स्लिवा, आणि मग स्लिवांवर चहूबाजूंनी दबाव, की तुम्ही माघार घ्या, तुमच्यामुळे मतं फुटतायत. ते हटले नाहीत. ममदानी निम्म्याच्या किंचित वर मतं घेऊन जिंकले. तर जूनमधे मैत्री आणि नोव्हेंबरमधे "तू बस खाली". शहर तेच, मतदारही बरेचसे तेच, बदलला होता फक्त मोजायचा नियम.

इथपर्यंत वाचून वाटेल की झालं, सुटला प्रश्न. नाही सुटला. अलास्का बघा.

अलास्कात डॉन यंग नावाचे खासदार १९७३ पासून एकाच जागेवर होते, २०२२ च्या मार्चमधे ते गेले आणि पोटनिवडणूक लागली. राज्याने २०२० मधे नवीन पद्धत मंजूर केली होती, ती अशी की सगळ्या पक्षांची एकच प्रायमरी, त्यातले पहिले चार पुढे, आणि मग पसंतीक्रम. चौथ्याने माघार घेतल्याने लढत तिघांत झाली. डेमोक्रॅट मेरी पेल्टोला ४० टक्के, रिपब्लिकन सारा पेलिन ३१, दुसरे रिपब्लिकन निक बेगिच २८. बेगिच बाद. त्यांची मतं साधारण ५४ हजार, त्यातली २७ हजार पेलिनकडे गेली, साडेपंधरा हजार पेल्टोलांकडे, आणि ११ हजारांवर लोकांनी दुसरी पसंती लिहिलीच नव्हती, ती मतं तिथेच थांबली. पेल्टोला पाच हजारांच्या आसपास फरकाने जिंकल्या. लाल, म्हणजे रिपब्लिकनांच्या राज्यात डेमोक्रॅट खासदार, आणि काँग्रेसमधे अलास्काच्या मूळ रहिवाशांपैकी पहिली व्यक्ती.

पेलिन बाईंनी नियमाच्या नावाने बराच आरडाओरडा केला. पण खरी तक्रार करायचा हक्क होता बेगिचना. नंतर मतपत्रिकांचा सगळा डेटा बाहेर आला, त्यात दिसलं की बेगिच विरुद्ध पेलिन अशी सरळ लढत लावली तर बेगिच जिंकतात, आणि बेगिच विरुद्ध पेल्टोला लावली तरीही बेगिचच जिंकतात. दोघींना एकेकटं गाठून हरवू शकणारा माणूस पहिल्याच फेरीत घरी गेला. का, तर तो बऱ्याच लोकांची दुसरी पसंती होता आणि पहिली पसंती कमी जणांची, आणि ही पद्धत काढताना फक्त पहिली पसंती बघते. म्हणजे मतं खाण्याचा रोग पूर्ण जात नाही, जरा वेगळ्या जागी उठतो. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९५१ मधेच गणिताने दाखवून ठेवलंय की तीन किंवा जास्त पर्याय असले की पसंतीक्रमावरून निकाल काढायची अशी एकही पद्धत नाही जी आपल्या सगळ्या वाजवी अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करेल. म्हणून जो कोणी सांगतो की माझी पद्धत निर्दोष आहे त्याच्याकडे जरा संशयानेच बघावं.

तरी मी अलास्काला नापास म्हणणार नाही. त्याच वर्षी सेनेटर लिसा मर्कोव्स्की तिथे परत निवडून आल्या, रिपब्लिकन असून २०२१ मधे महाभियोगात ट्रम्पना दोषी ठरवण्याच्या बाजूने मत दिलेल्या. फक्त पक्षाच्या कट्टर मतदारांची प्रायमरी असती तर त्या तिथेच गळाल्या असत्या असं मला वाटतं.

दुसरा एक अगदीच सोपा प्रकार आहे आणि तो म्हणजे आमच्या सेक्रेटरींनी बंद केलेलं ते बटण. जेवढे पर्याय चालतील तेवढ्यांना टिक करा, ज्याला जास्त टिका तो विजयी. याला म्हणतात अप्रूव्हल. मोजायला सोपं, क्रमांक नाहीत, फेऱ्या नाहीत. नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहराने २०१८ मधे हे स्वीकारलं, सेंट लुईसनेही २०२० मधे स्वीकारलं. पण यातही मेख आहे. मी काशीद आणि अलिबाग दोन्हीला टिक केली तर मीच अलिबागला काशीदविरुद्ध जिंकायला मदत केली की, मग हुशार लोक परत एकच टिक करायला लागतात. आणि फार्गोवाल्यांना तर पुढे ते वापरूच दिलं नाही, २०२५ मधे राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून बंद पाडलं.

पण मला मुख्य जे सांगायचंय ते वेगळंच आहे. हे सगळे उपाय एका जागेवरचा एक माणूस कसा निवडायचा एवढंच सांगतात. मॅसॅच्युसेट्समधे २०२० ला ट्रम्पना ३२ टक्के मतं पडली, तिकडे ओक्लाहोमात बायडेनना पडली तीसुद्धा ३२ टक्के. मॅसॅच्युसेट्सच्या प्रतिनिधीगृहातल्या (काँग्रेसचं खालचं सभागृह, आपल्या लोकसभेसारखं) जागा ९, त्या वर्षी सगळ्या डेमोक्रॅट. ओक्लाहोमाच्या ५, सगळ्या रिपब्लिकन. मॅसॅच्युसेट्सने तर १९९६ पासून एकही रिपब्लिकन तिथे पाठवलेला नाही. तीनातला एक माणूस कायम बिनप्रतिनिधीचा. आणि इथे पसंतीक्रम लावून काही म्हणजे काही फरक पडत नाही, कारण नऊच्या नऊ मतदारसंघांत डेमोक्रॅट बहुमतात आहेत, आकडे लिहा नाहीतर टिका करा, निकाल तोच. मोजणी बदलून भागत नाही, जागाच एकेकटी आहे हा प्रश्न आहे. नऊ तुकडे करण्याऐवजी तीन मोठे मतदारसंघ करून प्रत्येकातून पसंतीक्रमाने तीन माणसं निवडली असती, तर पाव मतांच्या थोडं वर गेलेल्या कोणालाही एक जागा मिळाली असती.

हीच पद्धत राज्यसभेला आपल्या आमदारांना लागते. जून २०२२ आठवा, महाराष्ट्रातल्या सहा जागा आणि सात उमेदवार. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मतं आणि भाजपचे धनंजय महाडिक यांना २७, आणि तरी जिंकले महाडिक. भाजपने पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना कोट्यापेक्षा (निवडून यायला लागणाऱ्या मतांपेक्षा) जास्त, प्रत्येकी ४८ मतं दिली होती, आणि कोट्याच्या वरची जी मतं ती कमी किमतीने का होईना पण दुसऱ्या पसंतीच्या महाडिकांकडे आली. पहाटेपर्यंत टीव्हीसमोर बसून आपण जी आकडेमोड बघत होतो ती या पद्धतीची खरी करामत. आयर्लंडमधे सामान्य माणूस शंभर वर्षांपासून असं मत देतोय, एका मतदारसंघातून तीन ते पाच जण. तिथल्या सत्ताधारी पक्षाने १९५९ आणि १९६८ असं दोनदा सार्वमत घेऊन ही पद्धत काढायचा प्रयत्न केला, लोकांनी दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितलं.

आणि दोन पक्षांच्या चक्रातून खरोखर बाहेर पडलेला देश बघायचा तर न्यूझीलंड. १९७८ आणि १९८१, सलग दोन निवडणुकांत लेबर पक्षाला मतं जास्त आणि सरकार नॅशनल पक्षाचं. १९८१ ला सोशल क्रेडिट नावाच्या तिसऱ्या पक्षाला जवळपास २१ टक्के मतं मिळाली आणि जागा मिळाल्या ९२ पैकी २. दोन्ही मोठे पक्ष आलटून पालटून राज्य करत असल्याने त्यांना घाई नव्हती, पण लोक दोघांवरही इतके चिडले होते की १९९२ च्या सार्वमतात ८५ टक्के म्हणाले बदला, आणि १९९३ मधे ५४ टक्क्यांनी नवी पद्धत पक्की केली. १९९६ पासून तिथे प्रत्येकाला दोन मतं आहेत, एक आपल्या भागातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाला, आणि पक्षाच्या मताच्या टक्केवारीवर संसदेतल्या एकूण जागा ठरतात. ५ टक्के मतं किंवा एक मतदारसंघ तरी जिंकायचा, तर वाटा मिळतो.

पहिल्याच निवडणुकीनंतर मात्र विन्स्टन पीटर्स नावाच्या छोट्या पक्षाच्या नेत्याने दोन्ही मोठ्या पक्षांना जवळपास दोन महिने झुलवलं आणि मग सरकार बनलं. महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावायची गरज नाही. तिथे नॅशनल आणि लेबर आजही सगळ्यात मोठे आहेत, फक्त एकट्याने राज्य करता येत नाही, अपवाद २०२० चा. २०११ मधे लोकांना परत विचारलं की जुनं हवंय का, तर साधारण ५८ टक्के म्हणाले राहू दे हेच.

अमेरिकेत हे का होत नाही? घटना आड येते असं वाटतं, पण प्रतिनिधीगृहाच्या बाबतीत अडतंय १९६७ च्या एका साध्या कायद्यावर, की एका मतदारसंघातून एकच जण निवडायचा. तो कायदा काँग्रेसने केला, काँग्रेसच बदलू शकते. आता काँग्रेसमधे बसलेले जवळजवळ सगळे याच नियमाने, याच दोन पक्षांतून आलेले. फ्लोरिडा आणि टेनेसीने पसंतीक्रमावर सरळ बंदीच घातलीय. नेवाडात दोन्ही पक्ष या बदलाच्या विरोधात होते, एरवी ते एकमेकांशी धड बोलत नाहीत. आणि लोकांनाही दरवेळी हवंच असतं असं नाही, २०२४ च्या नोव्हेंबरात नेवाडा, कोलोरॅडो, आयडाहो, ओरेगॉन सगळीकडे मतदारांनीच हा बदल नाकारला. अलास्कात तर आहे ती पद्धत रद्द करा असा प्रस्ताव होता, तो तीन लाखांवर मतांत हजाराच्याही आतल्या फरकाने पडला. ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहराने मात्र त्याच दिवशी एका मतदारसंघातून तीन अशी बारा नगरसेवकांची परिषद पहिल्यांदा निवडली.

बाकी आमच्या सहलीचं म्हणाल तर यंदा मी ग्रुपवर लिहिलं की पसंतीक्रमाने पोल घेऊ, मी मोजून देतो. सात अंगठे आले. सेक्रेटरी म्हणाले कशाला उगाच किचकट करायचं, मागच्या वर्षीची पद्धत चांगली होती की. ते महाबळेश्वरवाले.